एका हंड्याच्या जावा

डॉक्टर अवचारांनी पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर माझं नाव होतं, द्वारका गावंडे, वय साठ, आणि खाली लाल चौकटीत एक आकडा. चौऱ्याण्णव.

"ताई, नव्वदच्या वर दाबांक असला की किडनी देता येत नाही," ते म्हणाले. "नियम आहे, माझ्या हातात काही नाही."

दंडाचा पट्टा नुकताच सोडला होता, तिथे अजून वळ होता. मी पदर ओढून घेतला. "पण आत्ताच तर सिस्टरनं एकशेदहा-सत्तर सांगितलं."

"तो आजचा दाब. दाबांक म्हणजे पुढचा. तुमच्या रक्तात जे लिहून आलंय तो."

शेजारी मंदा बसली होती, माझी धाकटी जाऊ. किडनी तिलाच हवी होती. तिनं गुडघ्यावर हात टेकले आणि उठायला लागली. "पाह्यलं? मी म्हणतच होती. चला बाई, बस सुटन."

"बस खाली," मी म्हटलं.

दाबांक म्हणजे काय, हे आता आमच्या गावातल्या शाळकरी पोरीही सांगतील. बाळ जन्मलं की टाचेतून रक्ताचा थेंब घेतात आणि आठवड्याभरात कार्डावर आकडा छापून येतो. शंभर माणसं ओळीनं उभी केली, तर रक्तदाब वाढण्याच्या रांगेत तुम्ही कितवे, एवढंच तो सांगतो. चौऱ्याण्णव म्हणजे माझ्याहून वाईट फक्त सहा जण. हल्ली सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या आधी दाबांक मागतात, आणि तिथे आमच्या धामणखेडची लेकरं मागे पडतात. पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव. बाहेरचे लोक हसून म्हणतात, खारपाणपट्ट्याचं पाणी खारं तसं रक्तही खारं.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा आमचा पट्टा. जमीन काळीभोर, विहिरींना पाणी आहे, पण खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला आतून पांढरा थर चढतो. माझं माहेरही याच पट्ट्यातलं, त्यामुळे मला त्या पाण्याचं काही वाटलं नाही. मंदा मात्र सातपुड्याच्या पायथ्याची, गोड पाण्याची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं पहिला घोट घेतला आणि अंगणात थुंकून टाकला. "हे पाणी हाय का काढा?" सासूबाईंना राग आला होता. मी तोंडावर पदर धरून हसले होते.

पुढे वीस वर्षं ती तेच पाणी प्यायली. मग गावात पाणी गोड करायचं यंत्र बसलं आणि सगळ्यांच्या घरी निळ्या कॅनमधून पाणी येऊ लागलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मंदाचा रक्तदाब आतल्या आत वाढत राहिला. ना डोकं दुखलं, ना चक्कर आली. कळलं तेव्हा दोन्ही किडन्या सुकत आल्या होत्या.

आता आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रातून फिरवून आणावं लागे. त्यासाठी हातातली जी नस वापरतात, तशा दोन बंद पडल्या होत्या. तिसरी फार तर दिवाळीपर्यंत चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. सुधाकर भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, साखर होती. मुलाची किडनी ती घ्यायला तयार नव्हती. राहिले मी. रक्तगट एक होता, आणि बाकी न जुळणारं जुळवून घ्यायची औषधं आता निघाली आहेत. माझं म्हणणं एवढंच होतं की आमच्या घरच्या हंड्यानं तिच्या किडन्या घेतल्या, तर द्यायचीही या घरानंच. आमच्या यांनी, माझ्या नवऱ्यानं, मला एकदाच विचारलं, "भेव नाही ना वाटत?" मी नाही म्हटलं. विषय संपला होता.

आणि आता हा आकडा.

"काहीच वाट नाही का, डॉक्टरसाहेब?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "एक सवलत आहे. साठीच्या माणसाचा दाब, चारचौघांसारखं मीठ खाऊनही जागेवर असेल, तर समिती विचार करते. पण तुम्ही अर्जात काय लिहिलंय पाहा. मीठ सोडलेलं आहे. सव्वीस वर्षं."

"खरं आहे ते."

"म्हणूनच अडतं. तुमचा दाब कमी आहे तो मिठाविना दबून राहिलाय, असं समिती म्हणणार. तीन आठवडे इथे राहा, आमच्या हातचं मोजून मीठ खा, दाब चढला नाही तर बोलता येईल."

मंदा माझ्याकडे बघत होती. 

आमच्याकडे रीत होती. चातुर्मास लागला की सासूबाई दोघी सुनांना एकेक पदार्थ सोडायला सांगत. त्या वर्षी मंदानं वांगं सोडलं आणि मी मीठ. कार्तिकी झाली, मंदानं त्याच दिवशी भरीत करून चार भाकरी खाल्ल्या. मी परत मीठ घेतलंच नाही. देवाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मिळालं म्हणून व्रत सोडायचं असंही काही नव्हतं. सूर्याला अर्घ्य, तुळशीला पाणी, जपाची एक माळ आणि अळणी जेवण, असा माझा दिवस ठरून गेला. माझं पाहून गावातल्या अकरा जणींनी मीठ सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्घ्य देताना मी सूर्यनारायणाला सांगितलं, तीन आठवडे व्रत बाजूला ठेवते, ती बरी झाली की पुन्हा उचलते. आवाज आला नाही, पण ओंजळ हललीही नाही. मी तोच होकार धरला.

मीठ सुरू करण्याआधी चोवीस तासांची लघवी घरून जमा करून न्यायची होती. शरीरातून किती मीठ बाहेर पडतं, ते त्यावरून कळतं. मी सांगितल्याप्रमाणे केलं आणि डबा नेऊन दिला. दोन दिवसांनी मला आनुवंशिकी विभागात बोलावलं. तिथे समिधा तेलगोटे नावाची तरुण शास्त्रज्ञ होती. दाबांक काढण्याचं काम तिच्याकडे. तिनं खुर्ची दिली, मंदालाही दिली, आणि बराच वेळ पेन फिरवत राहिली.

"काकू, रागावू नका. तुम्ही मीठ खाता."

"नाही."

"थोडंफार? लोणचं, पापड?"

"नाही बाळा."

"तुमच्या डब्यात दीड चमचा मीठ निघालंय. एका दिवसाचं. पोटात गेल्याशिवाय ते लघवीत येत नाही."

मला कानामागून ऊन आल्यासारखं झालं. कोणाशी भांडायची मला सवय नाही. मी पदराचा काठ दुमडत बसले. बोलली ती मंदा.

"ओ मॅडम. या बाईनं सव्वीस वर्सं माह्या हातची भाजी खाल्ली नाही. मी भरलं वांगं केलं का शेजारचे वासावर येत, अन् हे माह्यासमोर बसून अळणी वरण खात. मले असा राग ये का काय सांगू. एकदा मी मुद्दाम यायच्या वरणात मिठाचा खडा टाकला."

"तू टाकला होतास?" मी विचारलं.

"मी टाकला होता. तुमाले मांजरीचं नाव सांगतलं." ती पुन्हा समिधाकडे वळली. "पहिल्या घासाले उठल्या. दिवसभर उपाशी राह्यल्या. अन् तुमी म्हणता चोरून खाते. यायनं चोरी केली असती तं सगळ्यात आधी मी पकडली असती. मी त्याच वाटेवर बसली होती सव्वीस वर्सं."

समिधा हसली नाही, पण तिचे डोळे निवळले. "मावशी, मी विश्वास ठेवते. यंत्र ठेवत नाही. फाईलवर आता 'माहिती अविश्वसनीय' असा शेरा पडणार. मग मिठाची चाचणीही होणार नाही."

आम्ही खाली आलो आणि निंबाखालच्या बाकावर बसलो. मंदाला दिवसाला मोजूनमापून पाणी, तिचे ओठ सुकले होते. "दोन घोट द्या बाई, तुमच्या बाटलीतलं. आजचे दोन राह्यले हायेत." मी कुठेही गेले तरी माझं पाणी बरोबर नेते. बाटली दिली. तिनं घोट तोंडात घेतला, थांबली, आणि बाकामागे थुंकला.

"अजून विहिरीचंच पिता तुमी?"

"व्रताचं पाणी आपल्या हातानं शेंदायचं. यंत्राचं चालत नाही. सासूबाईंनी घालून दिलंय."

"अन् वरण? भाकर?"

"त्याच पाण्यात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी बाटली हातात घेतली आणि एक घोट प्यायले. मला ते पाणी पाण्यासारखंच लागलं, जन्मापासून लागत आलं तसं. पण तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर सगळं उलगडलं. गाव गोड पाणी प्यायला लागलं तेव्हा मी व्रतासाठी विहिरीवर राहिले. घरात सगळ्यात जास्त मीठ जर कोणाच्या पोटात गेलं असेल, तर ते माझ्या.

मी हे कोणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. बाटलीतलं पाणी निंबाला घालून घरी आले असते, तर गावात मी व्रतस्थ ती व्रतस्थच राहिले असते. पण मंदाची नस दिवाळीपर्यंतच होती. मी बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि पुन्हा जिना चढले.

समिधानं पाणी तपासलं. एका लिटरला अडीच ग्रॅम मीठ. मी दिवसाला पिण्यात आणि रांधण्यात मिळून तीन लिटर वापरते. दीड चमच्याचा हिशोब तंतोतंत लागला. "आमच्या अर्जात खाण्याचे चौसष्ट प्रश्न आहेत," ती म्हणाली, "आणि पाण्याचा एकही नाही." मग ती एकदम उभी राहिली. "काकू, म्हणजे तुम्ही साठ वर्षं एवढं मीठ पचवताय, दाबांक चौऱ्याण्णव आहे, आणि दाब एकशेदहा?"

"मग कोण खोटं बोलतंय?" मंदानं विचारलं.

"आकडा," ती म्हणाली.

तिनं आम्हाला समजावून सांगितलं ते मला नीट कळलं, कारण तिनं पंगतीचं उदाहरण दिलं. रक्तदाब हा एका हातचा स्वयंपाक नाही. माणसाच्या जनुकांमध्ये हजाराहून जास्त जागा अशा आहेत, जिथे माणसामाणसांत एखादं अक्षर वेगळं असतं, आणि त्यातली प्रत्येक जागा दाबात चिमूटभर भर घालते किंवा चिमूटभर कमी करते. हजार आचारी, हजार चिमटी. कोणाकडे कोणते आचारी आहेत ते पाहून चिमटींची बेरीज करायची, की दाबांक आला. पण कोणता आचारी किती टाकतो, हे शिकायला लाखो लोकांची माहिती लागते. ती माहिती परदेशातली आणि मोठ्या शहरांतली होती. पूर्णाकाठच्या गावांतून कोणी रक्त नेलंच नव्हतं. आमच्यात एखादा असा आचारी असेल की जो मूठभर कमी करतो, तर तो त्या यादीत नाही, आणि म्हणून बेरजेतही नाही.

"मग लिहा ना यादीत," मी म्हटलं.

"एका माणसावरून लिहिता येत नाही. समिती म्हणेल, या बाईंचं नशीब. आणि सगळं गाव तपासलं तरी पेच आहेच. शहरातल्या माणसांशी तुलना केली तर पाणी वेगळं, जेवण वेगळं, कष्ट वेगळे. गावातल्या गावात केली तर सगळ्यांचं रक्तही एकमेकांत मिसळलेलं. रक्ताचा गुण कोणता आणि पाण्याचा कोणता, हे वेगळं काढायला एकाच घरात, एकाच हंड्यावर वाढलेली, पण वेगळ्या रक्ताची माणसं हवीत. ती आणायची कुठून? एका घरातले सगळे भाऊबहीणच असतात."

मंदानं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. बोलले मी, हळूच.

"जावा घ्या."

"काय?"

"आमच्या पट्ट्यात एक सून पट्ट्यातलीच करतात, ओळखीपाळखीतली. दुसरी बाहेरून येते. दोघींना चूल एक, हंडा एक, शेत एक, सासू एक. रक्त तेवढं वेगळं."

"अन् दोघीही सारख्याच राबतात," मंदा म्हणाली. "म्हणजे मोठी जरा कमी."

समिधानं वही ओढली. मग लिहिलं काहीच नाही. टेबलावर दोन्ही हात ठेवून ती नुसती आमच्याकडे बघत राहिली. "आयुष्यभर मी जुळ्या भावंडांच्या मागे धावले," ती म्हणाली. "जावांचं मला सुचलंच नाही. माझी आई एकत्र कुटुंबातली, तरी नाही सुचलं."

घरी आल्यावर पहिलं काम सगळ्यात अवघड होतं. संध्याकाळच्या आरतीनंतर मी देवळाच्या ओट्यावर त्या अकरा जणींना थांबवून घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहून मीठ सोडलं होतं, आणि त्याही व्रताचं म्हणून विहिरीचंच पाणी पीत होत्या. मी सगळं सांगितलं. लपवलं काही नाही.

मग गोकर्णाबाई म्हणाल्या, त्या आमच्यात सगळ्यात वडील, "म्हणजे चौदा वर्सं मी अळणी पिठलं गिळलं ते फुकट?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी मीठ सोडलं होतं, मिठानं मला सोडलं नव्हतं. देव त्यातलं काय धरतो ते त्यालाच ठाऊक. मी सोडताना मनापासून सोडलं, एवढंच मी त्याला सांगू शकते."

"मनापासून तं मी बी नव्हतं सोडलं," पलीकडून कमलिनी म्हणाली. "तुमी सोडलं म्हणून सोडलं."

हसू आलं तसं ओझंही थोडं उतरलं. त्या हसण्यातच मी त्यांना रक्त मागितलं. कशासाठी ते सांगितलं, मंदाच्या नसेचं सांगितलं. गोकर्णाबाईंनी तिथल्या तिथे बाही वर केली. "घ्या म्हणा. पण माह्या जावेलेही बोलवा. तिचा दाब माह्याहून जास्त निंघन, मले माहीत हाय. तोंडावरून दिसते."

रक्त देवाच्या ओट्यावर नाही, शाळेत घेतलं. रविवारी समिधा आणि तिची चार माणसं आली, आणि सकाळी सातलाच वर्गाबाहेर चपलांची रांग लागली होती. अट अशी होती की दोघी जावांनी मिळून यायचं, आणि दोघींनी विहिरीचं पाणी निदान दहा वर्षं प्यालेलं असावं. कित्येक जावा वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या. शेतीच्या वाटणीवरून तोंडं फिरवलेल्या दोघी वर्गाच्या दोन टोकांना बसल्या आणि नाव पुकारल्यावर एकाच बाकावर आल्या. "हात तेवढा देते, बोलायचं नाही," एकीनं आधीच सांगून टाकलं. दंडाला पट्टा बांधला की आकडा ऐकायला मागची सगळी रांग कान टवकारी. ज्या जावेचा कमी येई ती उठताना पदर सावरी, जशी काही बक्षीस घेऊन निघाली आहे.

धामणखेड पुरलं नाही. निरोप पुढे गेला. तीन आठवड्यांत पूर्णाकाठच्या चौदा गावांतून दोनशे सहा जोड्या झाल्या. मला फिरायला लावलं नव्हतं, पण मी फिरले. सकाळचं अर्घ्य झालं की मंदाच्या डायलिसिसचा दिवस नसेल तर तिलाही घेऊन निघायची. ती दारातच सांगे, "मी बाहेरची, हे पट्ट्यातल्या. माह्याकडे पाहा अन् यायच्याकडे पाहा, मंग ठरवा यायचं का नाही." यापुढे कोणाला काही समजवावं लागलं नाही.

दसऱ्याच्या आधी समिधाचा फोन आला. तिनं फोनच्या पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. वय वाढत जातं तशी बाहेरून आलेल्या जावांची रेघ वर चढत होती. पट्ट्यातल्या जावांची जवळजवळ आडवी. एक हंडा, एक चूल, आणि दोघींच्या दाबात सरासरी चौदाचा फरक.

तो मूठभर कमी करणारा आचारीही सापडला होता. आपल्या किडन्या दिवसाकाठी दीडशेहून जास्त लिटर पाणी गाळतात, आणि गाळताना निसटलेलं मीठ पुन्हा शरीरात ओढून घेतात. त्यासाठी त्यांच्या नळ्यांना बारीक दारं असतात. पट्ट्यातल्या माणसांपैकी तिघांत दोघांच्या जनुकात एक अक्षर असं बदललेलं आहे की त्यातलं एक दार अर्धंच उघडतं. जास्तीचं मीठ परत आत येत नाही, वाहून जातं. बाहेर हे अक्षर पाच हजारांत एकाला. शेकडो वर्षं खारं पाणी प्यायल्यामुळे ज्यांच्यात ते होतं तीच माणसं जास्त टिकली, की हा योगायोग, हे अजून सांगता येत नाही असं ती म्हणाली. मला तिचं ते "सांगता येत नाही" आवडलं. माझ्या रक्तात ते अक्षर होतं, आई आणि वडील दोघांकडून आलेलं. मंदात नव्हतं.

"नवीन बेरजेत तुमचा दाबांक एकतीस येतो," समिधा म्हणाली. "आणि काकू, तुमच्या पट्ट्यातली चौदा गावं आता जगाच्या यादीत आहेत. यापुढे कोणाचाही दाबांक काढताना तुमच्या जावांना विचारूनच पुढे जावं लागेल. सगळ्यांची कार्डं नव्यानं छापतोय."

मी हे गावात सांगितलं तेव्हा सरपंचांनी ग्रामसभेच्या फळ्यावर लिहिलं, आणि पोरांनी त्याचे फोटो काढून सोयरिकीच्या गटांवर टाकले. गोकर्णाबाईंच्या नातवाला आठवड्याभरात दोन स्थळं आली. खारं रक्त म्हणून हसणाऱ्यांची तोंडं कशी झाली असतील, याचा विचार मी केला. करू नये, पण केला.

समितीचं पत्र आलं त्या दिवशी डॉक्टर अवचारांनी आम्हाला समोर बसवलं. परवानगी होती. सही करण्याआधी ते म्हणाले, "ताई, एक सांगायचं राहिलं. रक्तदाब पुष्कळसा किडनीबरोबर जातो. ज्याची किडनी, त्याचा दाब. तुमची किडनी यांच्यात बसली, तर यांच्या अंगात राहूनही ती तुमच्या पट्ट्याच्या रीतीनंच मीठ सोडेल. यांच्या चार गोळ्या कमी होतील असं मला वाटतं. खात्री देत नाही."

मंदा दिवसाला दाबाच्या चार गोळ्या घेत होती, तरी तिचा दाब एकशेसाठच्या खाली येत नसे.

"म्हणजे यायचा सोभाव बी येईन का माह्यात?" तिनं विचारलं. "अळणी?"

"तो किडनीत नसतो," डॉक्टर म्हणाले.

"बरं झालं."

ऑपरेशन दिवाळीच्या बारा दिवस आधी झालं. मला शुद्ध आली तेव्हा कुशीत जड दुखत होतं आणि भाऊजी दाराशी उभे होते. हा माणूस माझ्यासमोर कधी मान वर करून बोलला नाही. त्या दिवशी बोलला. "वहिनी, तिथंच टेबलावर सुरू झाली. डॉक्टर म्हणे, जोडली अन् लगेच लघवी आली." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

चौथ्या दिवशी मला चालवत मंदाच्या वॉर्डात नेलं. तोंडावरची सूज गेली होती. तिच्या पलंगाखाली लघवीची थैली लटकत होती, भरत आलेली. "पाह्यजा जरा," ती मला म्हणाली, "थांबतच नाही. दर घंट्याले सिस्टर थैली रिकामी करून रायली. तुमी आयुष्यात कोणतं काम इतकं भराभर केलं होतं?"

"पाणी किती पितेस?"

"तीन लिटर. डॉक्टर म्हणे, अजून प्या. गोड पाणी हाय. तुमीही आता यंत्राचंच प्यायचं, मी सांगून ठेवते. सासूबाईची मी पाहून घेईन वरती गेल्यावर."

मी मान हलवली. ते मी ठरवलंच होतं. एकाच किडनीवर उगाच भार नको, असं डॉक्टरांनीही बजावलं होतं. आता मीठ सोडायचं तर पाण्यासकट सोडायचं, आणि ते पहिल्या दिवसापासून नव्यानं मोजायचं. त्या गोड पाण्याला काही चव नसते. होईल सवय.

तेवढ्यात वॉर्डात दाब मोजायची वेळ झाली. तरुण सिस्टर हातात यंत्र घेऊन पलंगापलंगावर फिरत आली. मंदाच्या गोळ्या ऑपरेशनपासून एकेक करून बंद केल्या होत्या. आदल्या दिवशी शेवटची बंद झाली होती, हे मला माहीत होतं. मंदालाही माहीत होतं. तिनं हात पुढे केला. सिस्टरनं पट्टा बांधला. तो फुगला, थांबला, सुस्कारत बसत गेला. सिस्टर आकड्याकडे बघत राहिली. मग पट्टा सोडून तिनं पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही तोच आला असावा, कारण तिनं कागदावर लिहून टाकलं आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली.

वॉर्डात दहा पलंग होते. नातेवाईक होते, डबे उघडत होते. दाराशी डॉक्टर अवचार कोणाशी तरी बोलत उभे होते.

मी आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवला नाही. त्या दिवशी मंदाच्या पलंगाची कड धरून उभी राहिले आणि म्हटलं, "सिस्टर, जरा मोठ्यानं सांग माय. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"एकशेअठरा-शहात्तर," ती म्हणाली. "गोळी नाही."